लघवीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’, पण जळजळ सुरूच! मग चुकतंय कुठं?

मे महिन्यात मावसबहिणीनं व्हॉट्सॲपवर एका रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ, ‘नो ग्रोथ म्हणजे आई बरी झाली ना गं?’ त्याच रात्री मावशी पाच वेळा लघवीला उठली होती.

मावशी पाथर्डी तालुक्यात राहते. वय ५६. वर्षभरात लघवीच्या जळजळीसाठी तिचे गोळ्यांचे पाच कोर्स झाले होते. आधी धन्याचं पाणी, मग मेडिकलमधून आणलेली पट्टी, मग दवाखाना. दरवेळी चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. पाचव्या कोर्सच्या वेळी पहिल्यांदा कुणीतरी लघवीचं कल्चर करायला सांगितलं. पहिला रिपोर्ट आला, ‘नमुना दूषित, पुन्हा द्या’. दुसरा आला, ‘नो ग्रोथ’. मग तिला सांगण्यात आलं, ‘रिपोर्ट क्लिअर आहे, मनावर घेऊ नका.’

मी शिकले इंजिनिअरिंग, काम करते बातम्यांचं. डॉक्टर नाही. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात एक गोष्ट डोक्यात बसते. मीटरनं शून्य दाखवलं, तर ‘करंट नाही’ असं लगेच म्हणायचं नाही. मीटर नीट जोडलंय का, त्याची रेंज किती आहे, हे आधी बघायचं. लघवीच्या रिपोर्टबाबत हे प्रश्न आपण विचारत नाही. म्हणून गेले काही महिने या विषयावर वाचत राहिले. त्यातून बनलेलं मत सरळ सांगते: लघवीच्या त्रासाचं निदान बाईला विचारलेल्या प्रश्नांपासून सुरू व्हायला हवं. आपल्याकडे ते गोळीपासून सुरू होतं आणि रिपोर्टपाशी संपतं.

‘उन्हाळी’ लागली म्हणजे संसर्गच का?

लघवीला जळजळ होणं, थेंब थेंब होणं, याला आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. शब्द छान आहे, पण तो लक्षणाचं नाव आहे, आजाराचं नव्हे. त्यामागे मूत्राशयातला जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. योनीमार्गाचा संसर्ग असू शकतो. मूतखडा, अनियंत्रित मधुमेह, पाळी थांबल्यानंतर येणारा कोरडेपणा, हेही असू शकतं. क्वचित क्षयरोग किंवा कर्करोगही.

मग ओळखायचं कसं? २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक आढावा आला होता. बाईला लघवीला जळजळ आहे, वारंवार जावं लागतंय, पण अंगावर पांढरं जात नाही आणि खाजही नाही, तर मूत्रसंसर्गाची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, तर कुठलंही यंत्र न लावता एवढी खात्री मिळते. उलट पांढरं जात असेल, तर संशयाची दिशाच बदलते.

प्रश्न फुकट आहेत. पण ते विचारायला दोन मिनिटं लागतात आणि उत्तर द्यायला थोडा आडोसा लागतो. गर्दीच्या ओपीडीत, दारात पाच पेशंट उभे असताना, सोबत दीर किंवा मुलगा असताना कुठली बाई ‘पांढरं जातंय’ म्हणेल?

रुटीन, पट्टी आणि कल्चर: फरक काय?

लॅबमध्ये ‘लघवी तपासा’ म्हटलं की बहुतेक वेळा ‘रुटीन’ होतं. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी मोजतात. पस सेल्स वाढल्या याचा अर्थ कुठंतरी दाह आहे. तो कशामुळे, हे त्यातून कळत नाही. योनीमार्गातला स्राव डबीत मिसळला तरी त्या वाढलेल्या दिसतात.

दुसरी, रंग बदलणारी पट्टी. तिच्यातला ‘नायट्राइट’चा चौकोन जिवाणूंचा माग काढतो. अनेक जिवाणू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास थांबायला हवी. आता गंमत बघा. जिला दर अर्ध्या तासाला जावं लागतंय, तिच्या मूत्राशयात लघवी थांबतेच कुठं? म्हणजे त्रास जितका जास्त, तितकी ही पट्टी चुकण्याची शक्यता जास्त. शिवाय एन्टेरोकॉकससारखे काही जिवाणू नायट्राइट तयारच करत नाहीत.

तिसरी, कल्चर. यात लघवीचा ठरावीक थेंब पोषक थरावर पसरवून जिवाणू वाढू देतात, मोजतात आणि कुठलं औषध त्यांना मारतं हे तपासतात. याला दोन-तीन दिवस लागतात. तिन्हींपैकी हीच तपासणी सर्वांत भरवशाची मानतात. पण तिचीही एक रेंज आहे.

तो एक लाखाचा आकडा आला कुठून?

कल्चर रिपोर्टमध्ये अनेकदा एक लाख, म्हणजे दर मिलिलिटरमागे एक लाख जिवाणू, अशी रेघ दिसते. १९५०च्या दशकात बोस्टनमधले डॉक्टर एडवर्ड कास यांच्या कामातून ती रूढ झाली. नमुना घेताना बाहेरून मिसळलेले जिवाणू आणि आतला खरा संसर्ग, यांत फरक करायला एक सीमा हवी होती. त्यांनी अभ्यासलेल्या बायकांपैकी काहींच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचलेला होता, तर काहींना लक्षणंच नव्हती. नुसत्या जळजळीनं हैराण झालेली बाई हा त्या रेघेचा आधार नव्हता.

१९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच, जळजळ असलेल्या बायका तपासल्या. नमुना बाहेर दूषित होऊ नये म्हणून तो थेट मूत्राशयातून घेतला. मूत्राशयात जिवाणू सापडलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या एक लाखाच्या रेघेखाली राहून सुटत होत्या. लक्षणं असलेल्या बाईसाठी शंभराचा आकडाही पुरेसा मानावा, असं त्यांचं म्हणणं होतं. एक लाख आणि शंभर! हा फरक ४० वर्षांहून जुन्या कागदावर आहे. तरी ‘एक लाखाच्या खाली म्हणजे काही नाही’ ही सवय अजून गेलेली नाही.

पुढं २०१४ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी ६५ बायकांचे नमुने जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ वाढवून पाहिले. ५२ नमुन्यांत जिवाणू सापडले. त्यातल्या ४८ नमुन्यांना नेहमीच्या पद्धतीनं ‘नो ग्रोथ’ ठरवलं होतं. या बायकांत त्रास नसलेल्याही होत्या. म्हणजे निरोगी लघवी पूर्ण निर्जंतुक असते, हा जुना समजही मोडला. म्हणून दोन्ही वाक्यं लक्षात ठेवायला हवीत: ‘नो ग्रोथ’ म्हणजे जिवाणू नाहीतच असं नव्हे आणि जिवाणू आहेत म्हणजे आजार आहेच असंही नव्हे.

डबीचा प्रवास

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर, क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसारा. नगर शहरात जिल्हा रुग्णालय आहे, विळद घाटात आणि लोणीला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पण अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून तिथवर पोहोचायचं म्हणजे दिवस मोडतो.

माझ्या मावशीची पहिली डबी मावसभावानं पिशवीत घालून एसटीनं नगरला आणली. मे महिना, दुपारची गाडी. आता हिशेब करू. समजा, डबीत बाहेरून मिसळलेले फक्त एक हजार जिवाणू होते. उष्णतेत ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर तीन तासांत ६४ हजार. साडेतीन तासांत एक लाख २८ हजार. म्हणजे निरोगी माणसाची डबीही एसटीत बसून ‘पॉझिटिव्ह’ होऊ शकते. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ रेषेत होत नाही, पण धोका कळायला हा हिशेब पुरे. म्हणूनच नमुना एक-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा, नाहीतर फ्रिजच्या थंडाव्यात ठेवा, असा नियम आहे. मावसभावाला तो कुणी सांगितला नव्हता.

दुसरा ‘नो ग्रोथ’ रिपोर्ट? तो दिला त्या दिवशी मावशीचा अँटिबायोटिकचा कोर्स सुरूच होता. औषध पोटात असताना कल्चर केलं, तर जिवाणू वाढणार कसे? आधी गोळी, मग तपासणी, हा उलटा क्रम आहे. अशा रिपोर्टवरून ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे मेन स्विच बंद करून मीटर वाचणं.

जिवाणू आहेत, पण त्रास नाही, मग?

ही दुसऱ्या टोकाची चूक. विशेषतः वयस्कर आणि मधुमेही बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जिवाणू सापडतात. अशा वेळी अँटिबायोटिक दिल्यानं फायदा होत नाही, असं जगभरातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ठळक अपवाद दोन: गर्भवती आणि मूत्रमार्गावर प्रक्रिया होणारे रुग्ण. बाकीच्यांत आपण आजाराला नव्हे, कागदाला औषध देतो.

त्याची किंमत पुढं मोजावी लागते. ई-कोलाय हा मूत्रसंसर्गाचा सर्वांत नेहमीचा जिवाणू. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या गोळ्यांना तो भारतात मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. याच गटातल्या औषधांचे स्नायूबंध आणि नसांवर होणारे दुष्परिणाम पाहून, दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गात ती वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये दिला. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीतल्या औषधांची, ज्यात सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक येतात, विक्री मेडिकलनं रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह नोंदवणं बंधनकारक आहे. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये तुमचं नाव शेवटचं कधी लिहून घेतलं होतं, आठवून बघा.

रिपोर्ट क्लिअर, पण त्रास महिनोन्‌महिने; मग?

इथं शोध थांबवायचा नसतो, दिशा बदलायची असते. पस सेल्स भरपूर आणि कल्चर वारंवार निरंक येत असेल, तर भारतात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार व्हायलाच हवा. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने वेगळ्या पद्धतीनं तपासतात. लघवीत रक्त दिसत असेल, विशेषतः तंबाखू-विडीचं व्यसन असेल, तर सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी टाळू नये. पाळी थांबलेल्या बाईत हार्मोन कमी झाल्यानं मूत्रमार्गाचं अस्तर नाजूक होतं. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी ठरतं, पण हे बोललंच जात नाही. मधुमेहात साखर लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेते, त्यामुळे वारंवार जावं लागतं.

आणि एक आजार असा, ज्यात मूत्राशय भरत आलं की दुखतं, रिकामं झालं की थोडं बरं वाटतं आणि सगळे रिपोर्ट कोरे येतात. त्याला ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. त्याचं निदान करणारी एकच अशी तपासणी नाही. बाकी कारणं एकेक करून वगळावी लागतात. ‘मनाचं आहे’ म्हणणं हे निदान नव्हे, शोध अर्धवट सोडणं आहे.

उसाच्या फडात कोण विचारणार?

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी याच जिल्ह्यात उभा राहिला. आजही हंगामात बाहेरून टोळ्या येतात आणि आपल्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून कोयते बाहेर जातात. पहाटे फडात उतरलेल्या बाईला दिवसभर आडोसा मिळत नाही. म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी तुंबवून ठेवते. दुखलं तर अंगावर काढते, कारण दवाखान्यात गेलं की खाडा पडतो आणि उचल फेडायची असते.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर शेजारच्या बीड जिल्ह्याचे आकडे आले. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. तो विषय गर्भाशयाचा होता, मूत्राशयाचा नव्हे. पण ओटीपोटात दुखतंय, अंगावरून जातंय, जळजळतंय, या तक्रारी घेऊन आलेल्या बाईचं आधी नीट निदान झालं का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

हा प्रश्न जुनाही आहे. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणं होतंच. विचारणारं कुणी नव्हतं.

विचारणारं माणूस गावातच तयार करता येतं, हेही आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि कमी शिकलेल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांकडे यंत्रं नव्हती. गावातली दुसरी बाई त्यांच्याशी मोकळं बोलायची, हेच त्यांचं बळ होतं.

‘पण डॉक्टरांना वेळ कुठाय?’

आक्षेप खरा आहे. शंभर पेशंटच्या ओपीडीत प्रत्येकीला दहा मिनिटं देता येत नाहीत. कल्चरला पैसे आणि तीन दिवस लागतात, तोवर जळजळ सहन होत नाही. त्यामुळे सरसकट सगळ्यांचं कल्चर करा, असं मी म्हणत नाही. तरुण, एरवी निरोगी बाईला पहिल्यांदाच ठरावीक लक्षणं असतील, तर डॉक्टर कल्चरशिवायही योग्य गोळी देऊ शकतात.

मागणी एवढीच आहे. प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधीच आशाताईंनी किंवा नर्सनं आडोशाला विचारून कागदावर लिहावेत. जिचा त्रास परतलाय, जी गर्भवती आहे, जिला ताप किंवा मधुमेह आहे, तसंच पुरुष आणि लहान मुलं, यांचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्यावा. तो घेतल्यावर गोळी त्याच दिवशी सुरू करायला हरकत नाही. आणि नमुना थंड राहील याची सोय तालुक्याला व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नमुने गोळा करणारी ‘महालॅब’ सेवा राज्यात २०१७ पासून आहे. गाडी फिरतेच आहे. तिच्यात कल्चरच्या डबीला बर्फाच्या पेटीत जागा मिळणं अशक्य नाही.

तुम्ही काय कराल?

• डॉक्टरांना आधी सांगा: किती दिवसांपासून, ताप आहे का, पांढरं जातंय का, पाळी थांबलीय का, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या. जुन्या पट्ट्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
• कल्चरसाठी लॅबमधलीच निर्जंतुक डबी घ्या. सुरुवातीची लघवी सोडून मधली धरा. डबीच्या आत बोट लावू नका.
• डबी शक्यतो लॅबमध्येच भरा. बाहेरून आणायची असेल, तर बर्फाच्या पिशवीत आणा आणि किती वाजता भरली ते लिहा.
• त्रास जुना असेल, तर तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, साधारण किती झाली, किती पाणी प्यायलात, कधी दुखलं. डॉक्टरला ही वही रिपोर्टइतकीच कामाची.
• थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत कळ, उलट्या, लघवीत रक्त, लघवी अडकणं, किंवा गर्भवतीला कुठलाही त्रास: घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी दवाखाना.
• उरलेली गोळी शेजारणीला देऊ नका. मूत्राशयाच्या संसर्गावर चालणारं नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडाच्या संसर्गात पुरत नाही. गोळी कुणाची, हे निदान ठरवतं.

मावशीचं काय झालं? शेवटी एका डॉक्टरांनी तिला मुलापासून वेगळं बसवून अर्धा तास विचारलं. तीन दिवसांची वही आणायला सांगितली. साखर वाढलेली निघाली, जी वर्षभर कुणी तपासली नव्हती. पाळी थांबल्यानंतरचा कोरडेपणाही होता, तो तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितला. अँटिबायोटिक दिलं नाही. साखरेचं औषध आणि क्रीम सुरू झालं. आता ती रात्री एकदा उठते, कधी दोनदा. पूर्ण बरी नाही, पण झोपते.

परवा फोनवर म्हणाली, ‘एवढं विचारलं गं मला त्यांनी, मी तर सगळंच सांगून टाकलं.’ पाच कोर्स आणि दोन रिपोर्टनंतर.